मोरीखालची मरळ

मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी आईनं मला पढवून ठेवलं होतं. छंद विचारले तर वाचन, रांगोळी आणि भरतकाम सांगायचं. भरतकामाची सुई मी शाळेत एकदा हातात घेतली होती तेवढीच. पण आईचं म्हणणं, लग्नाआधी सांगितलेला छंद लग्नानंतर कोण तपासायला येतंय? पोहे झाले, शिक्षण झालं, भाकरी थापता येते का ते झालं, आणि मग पाहुण्यांतल्या एकानं विचारलंच, "छंद वगैरे काय?" मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मासे धरायला आवडतात."

आम्ही तेव्हा दौंडला दोन खोल्यांत राहायचो. लांब यार्डात इंजिनाची शिट्टी झाली, ती सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकली. वडील पंख्याकडं बघायला लागले. आईनं दारातूनच माझ्याकडं असे डोळे वटारले, की पाहुणे गेल्यावर माझं काय होणार ते मला तिथंच कळलं. मुलगा खाली मान घालून हसत होता. आणि मुलाचे वडील, पांढरा पायजमा, पांढरी टोपी, तोवर एक शब्द न बोललेले, त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"गळाला काय लावतीस?" त्यांनी विचारलं.

"चिलापीला कणकेची गोळी, शिंगट्याला गांडूळ, मरळीला बेडकी."

"आन् बेडकी घावली न्हाई तर?"

"कोंबडीचं आतडं."

ते मुलाकडं वळले. "तुझं तू बघ बाबा. मला पोरगी पसंत हाय."

शेजारी मुलाची आई ओठ घट्ट मिटून बसली होती. पुढं कितीतरी वर्षांनी तिनं मला सांगितलं, "तवाच माझ्या ध्यानात आलं. आत्तापतूर घरात एक येडं हुतं, आता दोन झाली."

माझ्या वडिलांचं वेड मी उचललं होतं. ते रेल्वेत होते. ड्यूटी संपली की सायकलला काठी बांधून भीमेवर जायचे. खरं तर त्यांना मुलाला न्यायचं होतं, पण माझा भाऊ इतका बडबड्या, की त्याला नेलं तर नदीतले मासे उजनीपर्यंत पळून जातील असं ते म्हणायचे. मी गप्प बसायची. म्हणजे बाकी कुठं बसत नव्हते, शाळेत बोलण्याबद्दल पट्ट्या खाल्ल्यात, पण पाण्याशी गेलं की मला आपोआप बोलायचं सुचत नसे. अजून तसंच आहे. गळाचा तरंगा पाण्यावर उभा राहिला की डोक्यातली सगळी भांडणं मिटतात.

लग्न होऊन मी शिरूर तालुक्यात आले. तळेगाव ढमढेऱ्याहून न्हावऱ्याकडं जाताना आडवाटेला आमची वस्ती आहे. चार घरं, गोठे, आणि तिन्ही बाजूंनी ऊस. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामांनी मला लग्नाची हळद पुरती उतरायच्या आत विचारलं, "येतीस का वढ्याला?" आणि आत्यांनी स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, "न्हाई येत ती." मी गेले.

आमचा ओढा म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. उन्हाळ्यात त्यातून शेरडं चालत जातात. पावसाळ्यात दोन-चार वेळा अंगात आल्यासारखा वागतो. पण खाली बंधारा आहे, आणि पाऊस सरला की बंधाऱ्याला ढापे टाकतात, म्हणजे लोखंडी पत्र्यांनी त्याच्या खिडक्या बंद करतात. मग पाणी मागं मागं सरकत वर येतं. त्याला आमच्याकडं फुगवटा म्हणतात. तो फुगवटा थेट आमच्या वस्तीच्या रस्त्यापर्यंत येतो. तिथं रस्ता ओढ्यावरून जातो आणि त्याखाली सिमेंटचे मोठे नळे टाकून मोरी केलीय. दिवाळीपासून पुढं उन्हाळा लागेपर्यंत त्या मोरीखाली गळ्याइतकं पाणी असतं. आमचं सगळं राज्य तेवढंच.

मामांचे नियम कडक होते. चपला रस्त्यावर काढायच्या. आपली सावली पाण्यावर पडेल असं उभं राहायचं नाही. आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही. "बोलायचंच आसंल तर घरी जा, तिथं तुझी आत्या हाय." दर रविवारी, मी शिकवते त्या शाळेला सुट्टी असे तेव्हा, आम्ही दोघं मोरीच्या कडेला बसायचो आणि दोन-तीन तासांत मोजून चार शब्द बोलायचो. वेळूच्या काठ्या, तंगुसाची, म्हणजे नायलॉनची, दोरी, थर्माकोलचा तरंगा. मिळालं तर चिलापीचं कालवण, नाही मिळालं तर पिठलं. आत्या मासा खात नाहीत. पण कालवण करायच्या त्याच, कारण माझ्या हातचं मामांना आवडत नसे. न चाखता, नुसत्या वासावर त्या मीठ सांगायच्या आणि कधी चुकायच्या नाहीत.

सुरुवातीला वस्तीवरच्या बायका विचारायच्या, "सूनबाई वढ्यावर काय करती गं?" आत्यांना ओढ्याचा कितीही राग असला तरी त्या उत्तर द्यायच्या, "मामासंगं गेलीय." तेवढ्यानं भागायचं. सून एकटी गेली असती तर चार दिवस चर्चा झाली असती. सासऱ्याबरोबर गेली म्हणजे ती कामालाच गेली असणार, मग काम मासे धरायचं का असेना. सासरा हे माझं लायसन होतं. हे लायसन कधी संपेल असा विचार मी वीस वर्षांत केला नव्हता.

मागच्या वर्षी मामा पडले. ओढ्यात नाही, गोठ्यात. म्हशी धुतल्या आणि ओल्या शहाबादीवरून पाय सटकला. मांडीचं हाड गेलं, शिरूरला ऑपरेशन झालं, आत रॉड बसला. आत्या दवाखान्यातही म्हणत होत्या, "तरी मी सांगत हुते, वढ्याला जाऊ नका." मामा कण्हत कण्हत म्हणाले, "अगं, वढ्यानं इतक्या वर्षांत कवा पाडलं न्हाई. तुझ्या म्हशीनं पाडलं." तेव्हा मला वाटलं, माणूस बरा आहे, काळजी नाही.

पण घरी आल्यावर मामा बदलले. डॉक्टरांनी वॉकर दिला होता, सांगितलं होतं, हाड छान जुळलंय, आता चाला. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, गोड बोलायची. मामा तिला चहा पाजायचे, घरच्यांची चौकशी करायचे आणि दोन पावलं टाकून कॉटवर बसायचे. "आज नगं. उद्या बघू." तो उद्या काही उजाडेना. बाथरूमपर्यंत जायचं तेसुद्धा माझ्या नवऱ्याच्या खांद्याला धरून. वॉकर भिंतीला टेकलेला. त्यावर आत्या टॉवेल वाळत घालायला लागल्या.

त्यांना भीती बसली होती. हे मला कळायला वेळ लागला, कारण मामा आणि भीती हे दोन शब्द मी कधी एकत्र ऐकलेच नव्हते. एकदा मी हात धरून उभं करत होते तर त्यांनी माझं मनगट असं आवळलं, की बांगड्या रुतल्या, आणि तोंडानं मात्र ते मलाच म्हणत होते, "घाबरू नगंस."

नवऱ्यानं त्यांचं मन रमावं म्हणून मोबाईलवर परदेशातले मासेमारीचे व्हिडिओ लावून दिले. डोंगरातला निर्मळ ओढा, त्यात कंबरभर पाण्यात उभा असलेला गोरा माणूस, ठिपक्याठिपक्यांचा ट्राउट मासा. मामांनी दोन दिवस मन लावून बघितलं. ओढा त्यांना आवडला. "आपल्यासारखाच हाय की, फकस्त पाणी जरा बरं." पण माणूस मासा धरतो, त्याच्याकडं प्रेमानं बघतो आणि परत पाण्यात सोडून देतो, हे त्यांना काही केल्या पटेना. तिसऱ्या वेळी त्या माणसानं बास जातीचा भलामोठा मासा धरला, त्याचा मुका घेतला आणि सोडला. मामांनी मोबाईल उलटा ठेवला. "खुळं हाय ते," म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

दिवाळी झाली. बंधाऱ्याला ढापे पडल्याची बातमी आली. मोरीखाली पाणी चढायला लागलं. एका संध्याकाळी मामांनी मला हाक मारली आणि कॉटखाली बोट दाखवलं. तिथं त्यांच्या काठ्या होत्या, दोऱ्या नीट गुंडाळलेल्या, गळ डबीत.

"घेऊन जा. तुझ्याकडं ठिव."

"माझ्याकडं माझ्या आहेत की."

"आसू दे. मला आता काय करायच्यात?"

मी काठ्या उचलल्या आणि मागच्या पडवीत जाऊन रडले. असं रडू मला वडील गेले तेव्हाच आलं होतं. काठ्या देणारा माणूस हळूहळू बाकीचंही देऊन टाकतो, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं आणि जाईना. मग डोळे पुसले आणि मला राग आला. मला राग लवकर येतो. मी ठरवलं, या रविवारी मोरीवर जायचं, मासा आणायचा आणि यांच्या नाकासमोर ठेवायचा. बघू कसे पडून राहतात.

पण जायचं कुणाबरोबर? नवऱ्याची कंपनी कारेगावला, साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. एका रविवारी त्यानं शिफ्ट बदलून घेतली, माझ्यासोबत आला, बाभळीला टेकून बसला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. मोरीच्या नळ्यांत तो आवाज असा घुमत होता, की रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, "ताई, खाली काय हाय?" एकटं जाण्याचा प्रश्नच नव्हता. लोकांचं एक वेळ राहू दे, पण आता आमच्या उसात बिबट्या आहे. पलीकडच्या वस्तीवरची दोन कुत्री आणि एक शेरडू गेलं होतं. दिवसाउजेडीही बायका घोळक्यानं जायच्या आणि मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून खुरपायच्या.

"मी येते," आत्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पंचेचाळीस वर्षं ज्यांनी ओढ्याला शिव्या दिल्या, ज्या मासा तोंडातही घालत नाहीत, त्या आत्या.

"तुम्ही?"

"मग काय झालं? बसायचंच हाय ना? मेथी निवडायची ती तिथं निवडीन."

रविवारी आमची वरात निघाली. माझ्या हातात काठ्या आणि कोंबडीच्या आतड्याची पिशवी. आत्यांच्या हातात मेथीच्या जुड्या, बसायला पोतं, पाण्याची बाटली, आणि बिबट्यासाठी स्टीलचं ताट आणि उलथनं. मोरीशी पोचल्याबरोबर त्यांनी मोबाईलवर भजनं लावली. आवाज शेवटपर्यंत.

"आत्या, मासे येणार नाहीत."

"बिबट्या बी येनार न्हाई."

मी गळ टाकला. भजन चालू. मध्येच आत्यांना उसात काहीतरी हलल्यासारखं वाटे, मग त्या ताट बडवत. वाऱ्यानं पाचट हललं तरी ताट. होला उडाला तरी ताट. मधल्या वेळात त्या बोलत. मामांच्या वीस वर्षांच्या शांततेची भरपाई त्यांनी एका सकाळी केली. कुणाची सोयरीक, कुणाचा ऊस अजून तुटला नाही, डेअरीला दूध कमी का भरलं. मेथी संपली तेव्हा आम्ही उठलो. मासा म्हणाल तर शेपूटसुद्धा दिसलं नव्हतं.

घरी आलो तर मामा कॉटवर उठून बसलेले. भिंतीकडं तोंड नव्हतं, दाराकडं होतं.

"घावलं का काय?"

"काही नाही."

"कुठं टाकला हुता?"

मी सांगायच्या आत आत्या म्हणाल्या, "त्या बाभळीखाली, पाणी खळाळतं तिथं."

"खळाळतं तिथं?" मामांचा आवाज चढला. "खळाळतं तिथं मरळ बसंल का? ती काय पव्हायला आलीय? मरळ संथ पाण्यात, नळ्याच्या तोंडाशी, काळोखात बसती. श्वास घ्यायला वर येती तवा बुडबुडा येतो, त्यो बघायचा. आन् गानी कुणी लावली हुती? मला हितवर ऐकू येत हुती!"

"बिबट्याला," आत्या म्हणाल्या.

"बिबट्याला भजनं?"

मी खरं तर नळ्याच्या तोंडाशीच गळ टाकला होता. ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण मामांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. किती दिवसांनी ते आम्हाला रागावले होते! त्या दुपारी त्यांनी दीड भाकरी खाल्ली.

मग हे चालू झालं. रविवारी आम्ही दोघी जायचो, मासा न आणता यायचो आणि मामा आमची उलटतपासणी घ्यायचे. आत्यांना वर्णन करता येत नसे. बुडबुडा विचारला तर त्या बेडकाचं सांगत, खोली विचारली तर कपडे धुवायच्या दगडाचं. मामा डोक्याला हात लावत. पण वॉकर तिथंच होता, टॉवेलसकट. रागावून झालं की ते पुन्हा आडवे व्हायचे. मी एकदा म्हणाले, "मामा, तुम्हीच चला ना, रस्ता सरळ आहे, मी धरते." "मोरीशी उतार हाय," एवढंच ते म्हणाले. मी पुन्हा विषय काढला नाही.

त्यातून व्हिडिओ कॉलची टूम निघाली. मामांचंच म्हणणं, तुम्हाला नीट सांगता येत नाही, तर मला दाखवा. त्या रविवारी मोरीशी बसल्याबरोबर आत्यांनी कॉल लावला आणि मोबाईल मेथीच्या जुडीला टेकवून उभा केला. कॉल चालू असल्यामुळं भजनं बंद. पाण्यावर पहिल्यांदाच शांतता होती. मोबाईलमधून मामांचा आवाज येत होता, "डावीकडं. अजून डावीकडं. अगं, मला आभाळ दिसतंय, मोबाईल खाली कर."

मी दोन काठ्या लावल्या होत्या. एक माझ्या हातात. दुसरी, मामांची, दगडात रोवून आत्यांच्या शेजारी. आतडं संपत आलं म्हणून मी पिशवी आणायला वर रस्त्यावर गेले. तेवढ्यात खालून किंकाळी आली.

"अगं बया! अगं बया बया! धरलं! धरलं!"

मी धावत खाली आले. दगडातली काठी सुटून पाण्याकडं निघाली होती आणि आत्यांनी तिच्यावर झडप घातली होती. काठी कमान झालेली, तंगूस नळ्याच्या तोंडातून आत गेलेला, आणि आत्या दोन्ही पाय चिखलात रोवून, पदर खोचून, ओरडत मागं मागं सरकत होत्या. मोबाईल कधीच चिखलात पालथा पडला होता. ताट पाण्यात.

"सोडू नका आत्या! ओढूही नका, नुसती धरा!"

"सोडायची न्हाई आन् वढायची न्हाई, मग करायचं काय गं?"

पाणी फुटलं आणि ती दिसली. काळी, गोल डोक्याची, हातभर तरी लांब. मरळ! इतकी मोठी मरळ मी मामांबरोबरही कधी बघितली नव्हती. ती उलटली, पांढरं पोट चमकलं, पुन्हा खाली गेली. आत्या मटकन खाली बसल्या, चिखलातच, पण काठी सोडली नाही. मी मागून त्यांच्या कमरेला धरलं. आम्ही दोघी हसत होतो की रडत होतो कुणास ठाऊक. "दम खा, दम खा, दमू दे तिला," मी म्हणत होते. आत्या मरळीला म्हणत होत्या, "ये गं बाई, ये, काय करत न्हाई तुला," आणि हे साफ खोटं होतं.

बऱ्याच वेळानं मरळ दमायला लागली. दोरी हळूहळू जवळ येत होती. अजून हातभर आली की मी पाण्यात उतरून तिला उचलणार होते.

तेव्हा वर रस्त्यावर आवाज आला. खट्. मग पाय घासल्याचा. मग खट्.

आत्यांनी वर बघितलं. मीही बघितलं. मोरीवर मामा उभे होते. एकटे. डोक्यावर टोपी नाही, एका पायात चप्पल, दोन्ही हातांनी वॉकर धरलेला. चेहरा घामानं भिजलेला आणि असा पांढरा पडलेला, की आमच्या म्हशीनं पाडलं त्या दिवशीही नव्हता. वॉकरला टॉवेल तसाच लोंबत होता.

आत्यांच्या हातातून काठी सुटली.

काठी पाण्यावरून नळ्याकडं गेली, तिथं अडकली, एकदा जोरात हलली आणि थांबली. दोरी ढिली पडली. मरळ गेली. तिच्याकडं आमचं कुणाचं लक्ष नव्हतं. आम्ही दोघी मामांच्या पायांकडं बघत होतो.

मामांनी आत्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. चिखल, खोचलेला पदर, सुटलेले केस. मग म्हणाले, "सोडली?"

"सोडली," आत्या म्हणाल्या.

"घरात आलेली लक्षुमी घालवली! दोघींनी मिळून! दोर ढिला सोडायचा आसतो का? काठी उभी धरायची, उभी!" ते असं बोलत सुटले, की थांबेनात. काठी कशी धरायची, मरळ कशी फिरते, दोर कधी द्यायचा. मी वर चढून त्यांच्या शेजारी उभी राहिले, हात न लावता. इथपर्यंत आपण चालत आलोय हे त्यांच्या अजून ध्यानातच आलं नव्हतं आणि मला ते आणून द्यायचं नव्हतं.

आत्या चिखलातून उठल्या. हळूहळू उतार चढून वर आल्या. पदरानं तोंड पुसलं.

"तुम्ही कशाला आला?"

"कशाला म्हंजी? मासा बघायला."

"मासा बघायला?"

"मग? एवढी बोंबलत हुतीस. म्हटलं, मोठी दिसती. बघावी."

आत्यांनी वॉकरवरचा टॉवेल बाजूला केला. टॉवेलाआड, वॉकरच्या दांडीला, आमचा ऊस तोडायचा कोयता अडकवलेला होता.

मला तेव्हा कळलं. कॉटवर पडून त्यांनी मोबाईलमध्ये आभाळ बघितलं होतं, मग किंकाळी ऐकली होती, "धरलं, धरलं" ऐकलं होतं, आणि मग पडदा काळा झाला होता. कोणी कुणाला धरलं, हे त्यांना त्या काळ्या पडद्यात काय कळणार? घरात दुसरं कुणी नव्हतं. टोपी घालायला, दुसरी चप्पल शोधायला ते थांबले नव्हते. कोयता घ्यायला थांबले होते.

"मासा बघायला कोयता लागतो व्हय?" आत्यांनी विचारलं.

मामा पाण्याकडं बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

आत्यांनी कोयता काढून घेतला आणि आपल्या काखेत धरला. मग वाकून, स्वतःच्या पायातली चप्पल काढून मामांच्या अनवाणी पायापुढं ठेवली.

"चला," म्हणाल्या. "आन् खाली बघून चाला. कोयता राहू द्या माझ्याकडं, तुमचं दोन्ही हात लागत्याल."

ते दोघं निघाले. खट्, मग पाय, मग खट्. मी मात्र काठ्या गोळा करण्याच्या निमित्तानं मागं राहिले आणि त्यांना पुढं जाऊ दिलं.